नव्या खोळीतली जुनी गादी

मित्रांनो, मला पाहून फसू नका. माझी निळी खोळ चकचकीत आहे, शिवणी सरळ आहेत आणि समोरच्या बाजूला पिवळ्या अक्षरांत एका मोठ्या माणसाचे नाव ठसठशीत छापलेले आहे. पण हा सगळा वरवरचा थाट आहे. मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, उंच उडीची. उडी मारणारी मुलगी दांडीवरून पाठमोरी पलीकडे जाते, तेव्हा तिच्या पाठीखाली जी असते ती मी. दांडी पडली की राहिली हे सगळे मैदान बघते. खाली काय आहे हे कुणी बघत नाही, आणि खरे सांगायचे तर पूर्वी ते बघण्याची गरजही नव्हती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात स्पंजाचे तीन भलेमोठे ठोकळे आहेत, एकाला एक चिकटून, पट्ट्यांनी घट्ट बांधलेले. वरून एकच मोठी खोळ, तिला कडेने चेन. कुणी वरून पडले की ठोकळे आधी दबतात, मग हवा सोडत सोडत त्या माणसाला हळूच थांबवतात. पडणाऱ्याला जमीन लागू द्यायची नाही, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते, पण ते प्रत्येक वेळी करावे लागते. एकदा चुकले तरी चालते असे हे काम नाही.

ट्रकमधून मी एका कॉलेजच्या मैदानावर उतरले तो दिवस मला चांगला आठवतो. संघातली सगळी मुले-मुली माझ्यावर अक्षरशः तुटून पडली. त्या काळी संघाचा बारदाना मोठा होता. सगळ्यांचे प्रमुख ते मोठे सर. त्यांच्या हाताखाली धावण्याचे वेगळे, अडथळ्यांचे वेगळे, भाल्याचे वेगळे. गोळाफेक शिकवणारे होते ते गोळेसर. खरे आडनाव कुणालाच आठवत नसे. ते स्वतःच एका मोठ्या गोळ्यासारखे होते, आणि हसले की पोट आधी हसायचे. आणि उड्यांसाठी होत्या बाई. बारीक चणीच्या, करड्या केसांच्या, गळ्यात शिट्टी आणि जिभेवर तिखट.

संघाच्या खोलीच्या दारावर खेळाडूंची यादी लावलेली असे. यादीत नाव असले की फी माफ, वसतिगृहात खोली आणि जेवण. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला त्या दारापुढे अशी गर्दी व्हायची की मला मैदानावरूनही गलका ऐकू यायचा.

बाईंची एक रीत होती. रोज सराव सुरू होण्याआधी त्या बूट काढायच्या, शिट्टी काढून बाजूला ठेवायच्या, माझ्याकडे पाठ करायच्या आणि सरळ मागे पडायच्या. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळायच्या. प्रत्येक कोपऱ्यात थांबायच्या, पाठ घुसळून बघायच्या, पुढे सरकायच्या. उठायच्या तेव्हा अंबाडा सुटलेला असायचा. संघातली पोरे पोट धरून हसायची. "चला, बाई लोळल्या, आता सराव सुरू," असे म्हणायची.

"हसा, हसा," बाई अंबाडा बांधत म्हणायच्या. "आज माझी पाठ दुखली तर उद्या तुमची मोडेल. दात काय काढता? धावा."

गोळेसर तर दुरून ओरडायचे, "बाई, उशी पाठवू का? चादर?"

पण माझा एखादा ठोकळा जरा मऊ पडला की बाईंच्या पाठीला ते लगेच कळायचे. त्या मला उघडायला लावायच्या, ठोकळे उलटसुलट करायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बांधायच्या. आणि माझ्यावर कुणी बसलेले त्यांना मुळीच खपायचे नाही. "ए, ऊठ. ही गादी आहे, बाकडं नाही." मोठे सर बसले तरी हेच. त्या वर्षांमध्ये माझ्यावर पडून कुणाला साधे खरचटलेसुद्धा नाही. बक्षिसे आली, फोटो निघाले, आणि फोटोत माझा एक निळा कोपरा नेहमी असायचा. मला त्याचा अभिमान होता. का नसावा?

मग कॉलेजने हात आखडता घेतला.

सुरुवात संघाच्या खोलीपासून झाली. त्या खोलीत व्यायामाची यंत्रे ठेवून बाहेरच्या लोकांकडून महिन्याचे पैसे घ्यायचे, असे वरून ठरले. खोली गेली तशी यादी जिन्याखालच्या फळ्यावर आली. आणि बैठकीला जागा उरली नाही म्हणून सगळे प्रशिक्षक बैठकीसाठी माझ्याकडे यायला लागले. माझा उजवीकडचा मागचा कोपरा दुपारनंतर भिंतीच्या सावलीत येतो. तिथे चार-पाच माणसे ऐसपैस बसू शकत. बाई रागावल्या, ओरडल्या. "अहो बाई, बसायचं तरी कुठे? गवतात?" मोठे सर म्हणाले. त्यांचेही काही खोटे नव्हते.

त्या कोपऱ्यावर बसून त्यांनी काय काय कापले ते मी ऐकले आहे. आधी बाहेरगावच्या स्पर्धांचे प्रवास गेले. मग भाल्याचे सर गेले. मग यादीला कात्री लागली आणि ती निम्मी झाली. प्रत्येक बैठकीत तीच माणसे, त्याच जागी, त्याच वजनाने. गोळेसर तर अगदी कडेला बसत आणि बोलता बोलता टाच माझ्यात रुतवत. माझ्या आत तेव्हाच काहीतरी दबले आणि परत वर आले नाही.

एके दिवशी बैठकीत बाईंचा विषय निघाला. सगळे बसले होते, बाई उभ्या होत्या. त्या माझ्यावर कधीच बसत नसत.

"उड्यांना वेगळं माणूस परवडत नाही," मोठे सर खाली बघत म्हणाले. "उंच उडीचे खेळाडू असे किती राहिलेत? गोळेसर बघतील ते."

"मी?" गोळेसर दचकले. "मला उडीतलं काय कळतं? मी उडी मारली तर दांडी सोडा, खांबसुद्धा पडतील."

कुणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "ठीक आहे. पण गोळेसर, रोज एकदा गादीवर पाठ टेकवून बघा. हाताने दाबून कळत नाही, पाठच टेकवायला हवी. आणि कृपा करून या कोपऱ्यावरून उठा."

"हो हो बाई. तुम्ही काळजी सोडा." गोळेसर खरोखर मनापासून म्हणाले होते, हे मी आजही सांगते. ते लबाड नव्हते. पण त्यांच्या कमरेत जुनी चमक होती. पहिल्या दिवशी ते माझ्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिले, आणि हसत म्हणाले, "खाली झोपलो तर उठवायला क्रेन बोलवावी लागेल." मग हाताने पुढची कड दाबली. पुढची कड छान होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी बैठक होती, म्हणून येऊन त्याच कोपऱ्यावर बसले.

हळूहळू त्या कोपऱ्याची शिवण उसवली. मैदानाला पाणी मारायचे तेव्हा त्यातून पाणी आत शिरायचे आणि तिथेच मुरायचे. स्पंज आधी जड झाला, मग कुबट, मग त्याचा भुगा व्हायला लागला. तरीही कुणाला काही झाले नाही, कारण जी दोन-तीन मुले उरली होती ती सगळी उजवीकडून धावत यायची. उजवीकडून येणारा माझ्या डाव्या अंगाला पडतो, आणि माझे डावे अंग अजून धड होते. मी मनाची समजूत घालत होते की असेच चालत राहील.

पुढच्या हंगामात काडी आली.

तिचे हे नाव संघानेच ठेवले. उंच, सडपातळ, कोपरे-गुडघे जरा जास्तच टोकदार. बोलायला गोड आणि खायला दोघांचे. उडी तर अशी की पहिल्याच दिवशी गोळेसरांनी तोंडात बोटे घातली. पण ती उजव्या पायावर उडायची. म्हणजे धावत यायची डावीकडून, आणि पडायची माझ्या उजव्या मागच्या कोपऱ्यावर.

पहिल्यांदा ती तिथे पडली तेव्हा तिचे दात एकमेकांवर आपटले. तो आवाज मी ऐकला. ती तशीच आभाळाकडे बघत पडून राहिली. मग हळूच हात पाठीखाली घातला, खोळ चाचपली, आणि खोळीखाली तिच्या बोटाला थेट जमीन लागली. मी तिच्या हृदयाची धडधड माझ्यात ऐकत होते. तिने मान वळवून पाहिले की कुणी बघत तर नाही ना. गोळेसर पलीकडे गोळा पुसत होते. ती उठली, कपडे झटकले आणि पुन्हा जाऊन उभी राहिली.

मला वाटले, आता ही सांगेल. पण त्याच आठवड्यात मोठे सर माझ्यावर बसून म्हणाले होते, "ही गादी गेली की उंच उडी बंद. नवी घ्यायला छदाम नाही. खेळ बंद झाला की त्याची नावंही यादीतून काढायची, सोपं आहे." काडी जवळच बूट बांधत होती. तिने ते ऐकले होते.

सराव संपला की ती माझ्या पुढच्या कडेला टेकून आईला फोन करायची. "हो गं आई, जेवले. दोनदा जेवले. नाही गं, कुठे वाळले? … फी? माफच आहे की. यादीत नाव आहे माझं. … अगं, रडतेस काय? बाबांना सांग, या वर्षी तरी माझ्यासाठी काही विकायचं नाही." फोन ठेवला की ती बराच वेळ गुडघ्यात डोके घालून बसायची. मग जाताना माझ्या उसवलेल्या शिवणीवर गवत ओढून ठेवायची.

आता ते गुपित आम्हा दोघींचे झाले. हवेतच अंग वळवून मधल्या ठोकळ्यावर पडायचे, असे तिने शोधून काढले. दांडी खाली असेपर्यंत ते जमायचे. पण दांडी वर गेली की अंग वळवायला जागा उरत नाही. तेव्हा स्वतःला पूर्ण झोकून द्यावे लागते आणि खाली जे असेल त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. दर वेळी ती पावले मोजत मागे जायची.

त्याच वर्षी एक देणगीदार आले. कॉलेजचेच जुने विद्यार्थी, आता फरश्यांचा मोठा कारखाना होता. गोळेसरांनी धीर करून नव्या गादीचा विषय काढला. देणगीदारांनी मला दोन फेऱ्या घातल्या आणि विचारले, "नाव कुठे येईल?" स्पंजावर नाव येत नाही. आले तरी दिसत नाही. म्हणून ठरली नवी खोळ.

खोळ बदलायच्या दिवशी गोळेसर गोळाफेकीची मुले घेऊन बाहेर गेले होते. जुनी खोळ निघाली आणि कितीतरी काळानंतर माझे पोट उघडे पडले. मोठे सर समोरच होते. त्यांनी तो काळा पडलेला कोपरा पाहिला. बुटाच्या टोकाने दाबला. बूट आत गेला आणि वर भुगा आला. मला वाटले, आता तरी. मग त्यांनी घड्याळ पाहिले. "एवढं वर्ष निघेल," ते स्वतःशीच म्हणाले, आणि खोळ चढवणाऱ्यांना हाताने खूण केली. माझ्यावर नवी खोळ चढली. चेन लागली. आत अंधार झाला.

तुम्हाला सांगते मित्रांनो, त्या दिवसापासून मला स्वतःचीच भीती वाटू लागली. फाटकी होते तेव्हा निदान एखाद्याला शंका तरी आली असती. आता जो तो येऊन म्हणायचा, "वा, नवी गादी!"

स्पर्धेचा दिवस उजाडला. खुर्च्या मांडल्या, मंडप घातला, देणगीदार पहिल्या रांगेत बसले. जिन्याखालच्या फळ्यावर आधीच लागले होते की ठरलेली उंची जो ओलांडणार नाही त्याचे नाव पुढच्या यादीत राहणार नाही. काडीने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. दोघांचे खाणारी पोरगी, आणि केळेसुद्धा हातातच धरून बसली होती.

आणि गर्दीतून बाई आल्या. कुणी बोलावले नव्हते, जुन्या ओढीने आल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्या थेट माझ्याजवळ आल्या आणि वाकून बूट काढायला लागल्या. माझ्या जिवात जीव आला.

गोळेसर धावत आले. "अहो बाई, बाई! आज नको. पाहुणे बघताहेत. आणि गादी नवी आहे की, ही बघा ना."

"खोळ नवी आहे," बाई म्हणाल्या. "आत काय आहे?"

"आत… आतही चांगलंच असेल. मोठ्या सरांनी बघितलंय स्वतः."

बाईंनी एक बूट काढला होता. पहिल्या रांगेतून कुणीतरी हसले. ध्वनिक्षेपकावर मुलींच्या उंच उडीची हाक झाली. बाईंनी काडीकडे पाहिले. "बाळ, तू कुठून धावतेस गं?"

"डावीकडून."

"म्हणजे त्या कोपऱ्यावर पडतेस. कसा आहे तो?"

काडीने फळ्याच्या दिशेला एकदा पाहिले. मग बाईंकडे बघून हसली. "मस्त आहे बाई. एकदम मऊ."

माझ्यात आवाज असता तर त्या क्षणी सगळे मैदान हादरले असते. पण गादीला आवाज नसतो. बाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी बूट पुन्हा पायात घातला आणि बाजूला झाल्या.

खालच्या उंच्या तिने सहज ओलांडल्या, अंग वळवून, मधे पडून. मग दांडी ठरलेल्या उंचीवर गेली. काडी मागे गेली, डोळे मिटून उभी राहिली, आणि निघाली. तिचे पाय हलके वाजत होते. पायांचा आवाज थांबला आणि ती वर गेली. मी खालून पाहिले, तिची पाठ दांडीवरून कमानीसारखी गेली. दांडी हललीसुद्धा नाही. इतकी सुंदर उडी माझ्या आयुष्यात कुणी मारली नाही. मग ती खाली यायला लागली, आणि माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हते.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. मग एकेक करून थांबल्या.

गोळेसर गुडघ्यांवर बसले होते, कमरेची चमक विसरून. काडीचे डोळे उघडे होते. ती हलत नव्हती. ओठ मात्र हलले.

"सर, दांडी पडली का?"

"नाही बाळा," गोळेसर म्हणाले. "नाही पडली."

"मग नाव राहील ना?"

मित्रांनो, तिचे नाव राहिले. स्पर्धेनंतर लागलेल्या यादीत ते सगळ्यात वर होते. तेव्हा ती दवाखान्यात होती आणि तिच्या मणक्याला पट्टा होता. ती आता काठी घेऊन चालते म्हणतात. त्यानंतरच्या यादीत तिचे नाव नव्हते.

मला उचलून भांडारात टाकले. काही दिवसांनी बाई आल्या. बूट काढले, पाठ केली आणि त्या कोपऱ्यावर सावकाश पडल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

"इथे तर जमीनच आहे," त्या म्हणाल्या.

गोळेसर दारात उभे होते. "रोज ठरवायचो बाई, उद्या टेकवू पाठ, उद्या टेकवू."

बाईंनी झोपल्या झोपल्याच विचारले, "बैठकीला तुम्ही इथेच बसायचात ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. गोळेसरांनी त्या कोपऱ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या अंगाकडे पाहिले, आणि तो एवढा मोठा माणूस भिंतीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

चौकशी झाली. खोळ नवीन होती, सबब गादी चांगल्या स्थितीत होती, असे तीत निघाले. मला फाडून जाळून टाका असे गोळेसर बैठकीत म्हणाले. बैठक भांडारातच होती, सगळे माझ्यावर बसले होते, गोळेसर उभे होते. "टाकायलाही खर्च येतो," मोठे सर म्हणाले. "त्यापेक्षा कुणाला तरी देऊन टाकू. नावही होईल." गोळेसरांनी त्याच संध्याकाळी नोकरी सोडली. मला कुठे धाडले हे त्यांना आणि बाईंना कुणी सांगितलेच नाही. खोळ पुसली, फोटो काढला, आणि मला ट्रकमध्ये चढवले.

असा प्रवास करत, मित्रांनो, मी आज तुमच्या शाळेच्या मैदानावर आले आहे. सकाळपासून तुम्ही माझ्याभोवती नाचता आहात. "नवी गादी, नवी गादी," म्हणता आहात. किती हलकी पावले आहेत तुमची! तुम्ही मला आवडलात, म्हणून हे सगळे सांगितले. ज्यावर तुम्ही विश्वासाने अंग टाकता, ते आतून कसे आहे हे कुणीतरी मोठ्या माणसाने आधी बघायला हवे. नुसत्या हाताने नाही, लांबून नाही.

आता तुमचे सर दांडी लावत आहेत. तुम्ही रांग केली आहे. सगळ्यात पुढे जी दोन वेण्यांची मुलगी आहे ती डावीकडे जाऊन उभी राहिली आहे. मला आवाज नाही, पण तुम्हाला आहे. तुमच्यापैकी एकाने हात वर करा आणि म्हणा, "सर, आधी तुम्ही पाठ टेकवून बघा ना." सगळे हसतील. हसू द्या. बाईंनाही हसायचे.